ठिपके लावलेलं भेकर

खूप खूप पूर्वी, म्हणजे जंगलांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी तर ऐकाच, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याला एक पाणवठा होता. उन्हाळ्यात बाकी सगळीकडचं पाणी आटायचं, पण हा काही आटायचा नाही. त्यामुळे ऊन उतरलं की झाडून सगळं जंगल तिथं हजर. चितळांचा कळप, सांबरं, मोर, वानरं, सगळे. आणि एवढी मंडळी रोज ठरल्या वेळी एका जागी येतात म्हटल्यावर वाघाला काय कळत नाही? तोही यायचा.

म्हणून त्या जंगलात एक रीत होती. प्रत्येक जातीने आपला एक पहारेकरी ठेवायचा, आणि प्रत्येकाने आपापली बाजू बघायची. वानर झाडाच्या शेंड्यावरून. सांबर कड्यावरून. मोर बांबूच्या बेटातून. चितळ माळाच्या बाजूने. आणि नाल्याच्या बाजूला भेकर.

भेकर माहितीये ना? हरणाच्याच जातीतलं, पण शेळीएवढं, आणि ओरडतं कसं, तर थेट कुत्र्यासारखं भुंकतं. बाकीचे उंच, त्यांना गवताचे शेंडे दिसायचे. भेकर बुटकं, त्याला गवताचे बुंधे दिसायचे. करवंदीच्या जाळीखालून कोण सरपटत येतंय हे कळायला बुटकंच असावं लागतं.

रीतीतली मुख्य गोष्ट अशी, की कुणीही एकाने ओरडलं की सगळ्यांनी पळायचं. विचारायचं नाही. का, कशाला, नक्की का, ते सगळं नंतर. आधी पाय.

आता रीत म्हणून ठीक आहे. पण आपलं भेकर जाम घाबरट होतं. वाळकं पान पडलं, भुंकलं. साळिंदर गेलं, भुंकलं. एकदा तर स्वतःच्याच सावलीला भुंकलं, आणि अख्खं जंगल अर्ध्या घोटावर पाणी टाकून टेकडीपर्यंत पळालं.

परत आल्यावर मोर म्हणाला, "काय मग, आज कोण होतं? मुंगी?"

"नाही, आज मोठं होतं," सांबर म्हणालं. "मुंगळा असेल."

सगळे हसायचे. भेकर पण हसायचं, कारण न हसून जाणार कुठं? पण रोज जाळीत परत गेल्यावर त्याचे कान गरम व्हायचे. भेकरं कळपात राहत नाहीत, एकटी राहतात. त्यामुळे "जाऊ दे रे, नको मनाला लावून घेऊस" असं म्हणायलाही त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

असं चाललेलं असताना एका वर्षी उन्हाळा फारच कडक पडला. पाणवठा पहिल्यांदाच चिखलावर आला. तेव्हा चितळांचा म्होरक्या पुढं आला. त्याला सगळे थोरला म्हणायचे. मोठाली शिंगं, शांत आवाज, भारी माणूस. म्हणजे भारी चितळ. त्याने आपला अख्खा कळप चिखलात उतरवला. खुरांनी गाळ उकरायला लावला. स्वतः सगळ्यांत खोल उभा राहिला. आणि खालून झरा फुटला.

खरं ते खरंच म्हणायला पाहिजे. त्या वर्षी जंगल थोरल्यामुळे जगलं.

मग पाणवठ्याचा म्होरक्या निवडायची वेळ आली तेव्हा प्रश्नच नव्हता. ज्यांना खूर होते त्यांनी खूर वर केले, मोराने पंजा, वानरांनी चारही हातपाय. थोरला झाला म्होरक्या. पुढच्या वर्षी पुन्हा तोच. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. कुणाला धमकावलं नाही, कुणाला फसवलं नाही. सगळ्यांना तोच आवडत होता, विषय संपला.

पण पाणवठ्यावर आणखी एक साधी रीत होती. ज्याचा कळप मोठा, तो आधी पाणी पिणार. चितळं आधीच खूप होती. त्यामुळे ती पहिली, निवळ पाणी त्यांना, आणि शेवटी येणाऱ्याला गढूळ. एक दिवस मोराच्या डोक्यात आलं, की आपणही त्याच कळपात गेलो तर? काठावर पांढरी माती होतीच. त्याने ती चोचीने पाठीवर लावली. ठिपके ठिपके.

"अरे, तुझ्या पिसाऱ्यावर आधीच एवढे डोळे," सांबर म्हणालं, "त्यात आणि हे ठिपके कशाला?"

"डोळ्यांनी पाणी मिळत नाही, दादा. ठिपक्यांनी मिळतं."

आणि खरंच मिळालं. थोरल्याने मोराला मोठ्या मनाने कळपात घेतलं. मग चार दिवसांनी सांबरही एवढं धूड घेऊन ठिपके लावून आलं. मग तरणी वानरं झाडावरून उतरली. कुणीही कुणाला ओढून आणलं नाही हां. ज्याचा तो चालत आला.

राहिली फक्त वानरीआजी. म्हातारी, एका कानाने कमी ऐकणारी, पण नजर अशी की डोंगरापलीकडची घार ओळखायची. ती शेंड्यावरून हलेना.

थोरला स्वतः तिच्या झाडाखाली गेला. "आजी, या की खाली. आता जंगलात आपलं-परकं राहिलंच कुठं?"

"तेच तर म्हणते मी. राहू दे की थोडं."

"माझा कळप मोठा झाला हा काय गुन्हा आहे का?"

"नाही रे बाळा. तू चांगला आहेस, तू मोठा हो. पण सगळं जंगलच तू होऊ नकोस. मग तुझ्या पाठीमागे कोण बघणार?"

थोरला हसला. वाईट नाही, प्रेमानेच हसला. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यावर हसतात ना, तसा. आणि निघून गेला.

मग तो भेकराकडे आला. भेकर तर बघतच राहिलं. आजवर त्याच्या जाळीपाशी मुद्दाम असं कुणी आलंच नव्हतं.

"एकटा राहतोस," थोरला म्हणाला. "कंटाळा नाही येत?"

"सवय आहे."

"लोक हसतात तुला. मला नाही आवडत ते."

भेकर जाळीतून दोन पावलं बाहेर आलं. 

"ये आमच्यात. पहारा सोडू नकोस, नाल्यावरच उभा राहा. फक्त एक कर. ओरडायच्या आधी आमच्या पहारेकऱ्याकडे बघ. त्याने मान हलवली तर ओरड, नाही हलवली तर गप्प राहा. म्हणजे चूक झाली तरी ती तुझी एकट्याची नाही. कुणी हसणार नाही."

आता सांगा, कोण नाही म्हणेल? त्याच संध्याकाळी भेकर काठावरच्या मातीत लोळलं. ठिपके नीट उमटले नाहीत, निम्मे फिसकटले. एका चितळीने जिभेने पुसून, पुन्हा नाकाने एकेक नीट लावून दिले. तिचं पाडस बाजूला उड्या मारत होतं.

"आई, हा मोठा आहे का लहान?" पाडसाने विचारलं.

"मोठा आहे. दिसतो लहान."

"मग मी याच्याशी टक्कर खेळू?"

आणि रोज खेळायला लागलं की. भेकराच्या कपाळाला कपाळ लावायचं, जोर लावायचा, आणि भेकर मुद्दाम मागे सरकायचं. पाडसाला वाटायचं आपण काय जबरदस्त. भेकराला आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळची वाट बघावीशी वाटायला लागली.

आणि पाणवठ्यावर कसली शांतता आली होती. ओरडा नाही, पळापळ नाही. भेकराला दिवसातून कितीदा तरी भुंकावंसं वाटायचं. ते माळाकडे बघायचं. तिथला तरणा चितळ मान हलवायचा नाही. भेकर गप्प बसायचं. आणि खरंच, बहुतेक वेळा काही नसायचंच. पान असायचं. साळिंदर असायचं. सगळे पोटभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, असं जंगल पूर्वी कधी नव्हतं.

आजी मात्र मधूनच शेंड्यावरून खाकरायची. तिचं ऐकून आधी आधी काही जण दचकायचे. मग सगळे चितळ पहारेकऱ्याकडे बघायचे, तो मान हलवायचा नाही, आणि पुन्हा तोंडं पाण्यात. "आजीचं सुरू झालं," मोर म्हणायचा. हळूहळू दचकणंही बंद झालं. जिला ठिपके नाहीत, तिची हाक ती काय हाक.

अशात पुन्हा म्होरक्या निवडायचा दिवस आला. खरं तर निवडायचं कुणाला, दुसरं कुणी उभंच नव्हतं. पण रीत म्हणून सगळे जमले. थोरला उंच खडकावर चढला. ऊन तिरपं झालं होतं, वारा सुटला होता. त्या कडक उन्हाळ्यातला चिखल, झरा, एकजूट, सगळं तो छान बोलत होता. समोर शेकडो ठिपके. आधीचे कोणते आणि मातीचे कोणते, ओळखूही येत नव्हते.

भेकर नाल्यावर उभं होतं. अर्धं लक्ष भाषणात, अर्धं समोर.

नाल्यात वाऱ्याने सगळं हलत होतं. गवत, वेली, करवंदीची पानं. फक्त एका जाळीतली थोडीशी पानं हलत नव्हती. म्हणजे त्यांना आतून काहीतरी टेकलेलं होतं.

 भुंकणं घशापर्यंत आलं. त्याने ते तिथंच दाबलं आणि माळाकडे बघितलं.

तरणा चितळ माळाकडे बघतच नव्हता. तो थोरल्याकडे बघत होता.

भेकराने खूर आपटला. पुन्हा आपटला. तरण्या चितळाने जरा मान वळवली आणि हळूच म्हणाला, "अरे नंतर. बोलणं चालू आहे ना."

"नाल्यात आहे काहीतरी."

"पान असेल. तुझं नेहमी पानच असतं."

जवळचे दोघे-तिघे फिसकन हसले. भेकराचे कान पुन्हा तसेच गरम झाले. इतक्या दिवसांनी.

आणि त्याच क्षणी शेंड्यावरून आजी ओरडली. खाकरणं नाही हं. ओरडली, जीव तोडून, पुन्हा पुन्हा. फांदी हलवून हलवून ती नाल्याकडेच हात करत होती.

कुणी हललं नाही. मोर म्हणाला, "आजच्या दिवशी तरी."

भेकराला ठाऊक होतं. त्या अख्ख्या गर्दीत फक्त त्यालाच ठाऊक होतं, की आजीचं खरं आहे. वरून तिने पाहिलं होतं, खालून याने. एका हाकेवर लोक हसले असतील, पण दोन बाजूंनी दोन हाका आल्या असत्या तर आपोआप पाय उचलले गेले असते. जुनी सवय अंगात असते ती. एक भुंकायचं होतं फक्त. आयुष्यभर जे उगीच केलं, ते एकदा नीट करायचं होतं.

त्याने पुन्हा माळाकडे बघितलं. मान हलली नाही.

भेकर गप्प बसलं.

वाघ जाळीतून निघाला आणि भेकराच्या शेजारून गेला. अगदी शेजारून. त्याच्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. पाणवठ्याच्या या कडेला ते पाडस एकटंच एका दगडाशी टक्कर खेळत होतं, कारण त्याचा रोजचा गडी आज पहाऱ्यावरून हलला नव्हता.

पुढचं सांगत नाही. तुम्हाला कळलंय.

सगळे टेकडीवर पळाले. वाघ गेल्यावर एकेक करत परत आले. पाण्याला कुणी तोंड लावलं नाही. ती चितळी दगडापाशी उभी होती, नुसती उभी.

थोरल्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आपल्यातलं कुणीच कसं ओरडलं नाही? पाच पाच पहारेकरी आपले."

सांबर खाली बघत म्हणालं, "मला वास आल्यासारखं वाटलं होतं. पण मी तुमच्या पहारेकऱ्याकडे बघत होतो."

"मीही," मोर म्हणाला. त्या दिवशी त्याला दुसरं काही सुचलं नाही.

तरणा चितळ म्हणाला, "मी तुमच्याकडे बघत होतो, थोरले."

थोरल्याने समोरच्या ठिपक्यांवरून नजर फिरवली. मग हळू म्हणाला, "आणि मी तुम्हा सगळ्यांकडे. किती जमलेत ते बघत होतो."

म्हणजे बघा, एवढं मोठं जंगल, एवढे डोळे, आणि नाल्याकडे बघणारी कोण, तर झाडावरची म्हातारी, जिचं कुणी ऐकत नव्हतं. आणि एक भेकर.

थोरला भेकराकडे वळला. रागाने नाही. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

"तू तर वाळक्या पानावर भुंकायचास रे. आज का नाही?"

भेकराने तोंड उघडलं. 'तुम्हीच तर सांगितलं होतं' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण समोर ती चितळी उभी होती. हिनेच एके दिवशी नाकाने एकेक ठिपका लावून दिला होता.

"लोक हसले म्हणून," भेकर म्हणालं.

एवढंच.  आणि भेकराला वाटलं, आता जमीन दुभंगली तर किती बरं होईल. पूर्वी जी लाज वाटायची ती म्हणजे काहीच नव्हती, नुसते कान गरम व्हायचे. ही लाज आत पोटात बसली, आणि तिथून ती कधीच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी थोरला स्वतः आजीच्या झाडाखाली गेला. शिंगं जमिनीला टेकवली. "मी म्होरकेपण सोडतो, आजी."

"कशाला?" आजी म्हणाली. "गाळ उकरायला तुझ्यासारखा नाही कुणी. लोक पुन्हा तुलाच निवडतील, निवडू देत. तू एवढंच कर. ज्याचा पहारा त्याचा त्याला परत दे. आणि पहारेकऱ्याने तुझे ठिपके लावायचे नाहीत. कळपाला नावं ठेवायची त्याला मुभा पाहिजे. त्याची हाक तुला आवडली नाही तरी तुझ्या कळपाने पळायचं."

"आणि चुकीची असली तर?"

"तर पळून ये आणि पुन्हा पाणी पी. पाणी कुठं जातंय?"

थोरल्याने सगळ्यांसमोर तसं कबूल केलं. मोठ्या कळपाने आधी पाणी प्यायची रीतही त्या दिवशीच मोडली. तो पुढं बरीच वर्षं म्होरक्याच राहिला, पण दरवर्षी त्याच्यासमोर कुणीतरी उभं असायचं, आणि एका वर्षी तर तो जेमतेम निवडून आला. त्या वर्षी पाणवठ्याचे काठ कधी नव्हे इतके नीट बांधले गेले म्हणतात.

पण भेकराचं काय? भेकर पाण्यात उतरलं आणि ठिपके धुतले. साधी माती ती, एका बुडीत गेली. कित्येक संध्याकाळी ते कुणासमोर आलंच नाही. सगळे पिऊन गेले की शेवटी येऊन उरलेलं गढूळ पाणी प्यायचं आणि मान खाली घालून जाळीत शिरायचं. नाल्याचा पहारा रिकामा पडला. सांबराने बोलावलं, गेलं नाही. थोरल्याने बोलावलं, गेलं नाही.

शेवटी ती चितळी आली. जाळीबाहेर उभी राहिली. भेकर आत आणखी मागे सरकलं.

"बाहेर ये."

"कुठल्या तोंडाने येऊ, ताई?"

"मी तुला माफ करायला नाही आले," चितळी म्हणाली. "ते मला जमणार नाही. नाला रिकामा आहे, हे सांगायला आले. माझ्या पोटात दुसरं आहे."

जाळीतली पानं जराशी हलली.

"मी मनाशी आठवत बसले होते," ती म्हणाली. "तू परका होतास तोवर आम्ही तुझ्यावर हसलो, तुझ्या नावाने खडे फोडले, आणि माझी आधीची सगळी पोरं मोठी झाली. तू आमचा झालास, आणि हे गेलं. तू आमचा नको होऊस. परकाच राहा, आणि भुंक."

एवढं बोलून ती वळली आणि पाण्याकडे निघाली. पाठीमागे बघितलंही नाही. थोड्या वेळाने भेकर जाळीतून बाहेर आलं, आणि मान वर न करता नाल्याच्या काठावर आपल्या जागी जाऊन उभं राहिलं.

म्हणून पोरांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: कळप कितीही मोठा आणि कितीही चांगला असू दे, त्याच्याबाहेर ओरडणारा एकही गळा उरला नाही, तर संकटाच्या वेळी त्या कळपालाही सावध करणारं कुणी उरत नाही.